रनिंग किती?

छोटी गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला शोरूममधला सेल्समन पहिला प्रश्न विचारायचा तो हा : "साहेब, रोजचं रनिंग किती?" पन्नास किलोमीटरच्या वर असेल तर डिझेल, नसेल तर पेट्रोल, हा ठोकताळा घरोघरी पाठ होता. प्रश्न आजही तोच आहे, उत्तर मात्र पार बदललंय. एके काळी या देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. २०२५ मध्ये डिझेलवरची नवी हॅचबॅक घ्यायची म्हटली, तर टाटा अल्ट्रोझ सोडून दुसरी मिळत नव्हती.

छोट्या गाडीतलं डिझेल घराघरात पोचवलं ते पिंपरीत बनलेल्या इंडिकानं. डिसेंबर १९९८ मध्ये ती बाजारात आली आणि तिचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन पुढे टॅक्सीवाल्यांचं दैवत झालं. ते इंजिन नाजूक कामाचं नव्हतं. थंडीच्या सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. गिअरचा दांडा थरथरायला लागे, आरशातलं मागचं फाटक डळमळे आणि कोण कामावर निघालं ते अख्ख्या सोसायटीला कळे. कुणाची तक्रार नसे, कारण महिनाअखेरीला पेट्रोल पंपाचं बिल शेजाऱ्यापेक्षा निम्मं यायचं.

या स्वस्ताईत इंजिनाइतकाच सरकारचाही हात होता. शेतकऱ्याचा पंप, मालट्रक आणि एसटी चालावी म्हणून डिझेलचे भाव दाबून ठेवलेले असत, आणि त्याच नळीखाली मोटारवालेही टाकी लावत. जून २०१० मध्ये पेट्रोलवरचं भावनियंत्रण उठलं, डिझेलवरचं राहिलं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक दिसत असताना पेट्रोलची गाडी घेणारा माणूस एक तर हौशी असे, नाही तर रविवारपुरती गाडी काढणारा.

याच काळात फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन देशभर पसरलं. रांजणगाव आणि मानेसर या दोन ठिकाणी ते बनायचं आणि स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा एकमेकींच्या स्पर्धक गाड्यांच्या बोनेटखाली तेच असायचं. मोटारींच्या वेडानं झपाटलेल्या मंडळींनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' असं नाव दिलं होतं. चेष्टेत दिलेलं असलं, तरी ते अगदी खोटं नव्हतं. त्याची ओढही जबर. स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन मीटर, तर डिझेलचा १९०. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढताना हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नसे.

मग फासे उलटे पडले. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा साधारण पन्नास पैशांनी महाग होत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. मारुतीला याचा फटका कसा बसला ते सेलेरिओ सांगते. जून २०१५ मध्ये कंपनीनं तिच्यात दोन सिलिंडरचं, अवघं ७९३ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. कागदावर ॲव्हरेज सत्तावीसच्या वर. पण दोन सिलिंडरचा खडखडाट सोसावा एवढी बचत आता उरली नव्हती. दोन वर्षांच्या आत ते इंजिन बंद झालं.

शेवटचा धक्का एप्रिल २०२० चा. धुराच्या नियमांत भारतानं बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ गाठलं. वर्षभर आधीच मारुतीनं डिझेल गाड्या थांबवत असल्याचं सांगून टाकलं होतं. टियागोचं डिझेल त्याच वेळी गेलं, आय-टेन निऑसचं २०२२ मध्ये. धुराचे नवे नियम पाळायचे तर डिझेल गाडीला महागडी सफाई यंत्रणा लावावी लागते, आणि तो खर्च पाच-सहा लाखांच्या गाडीला पेलवत नाही.

त्या यंत्रणेतला एक भाग शहरात गाडी चालवणाऱ्यानं नीट समजून घ्यावा. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, गॅरेजच्या भाषेत डीपीएफ. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची ही जाळी धुराच्या वाटेवर बसते आणि काजळी अडवते. अडवलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, त्यासाठी जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापायला हवी. महामार्गावर वीसेक मिनिटं एकसारखी गाडी पळाली की हे काम कुणाच्या लक्षातही न येता उरकतं. मंडई, मुलांची शाळा, क्लास, परत घर, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मात्र जाळी तापेपर्यंत गाडी बंद होते. इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती तापवायला बघतं. मालक मधेच किल्ली काढतो आणि न जळलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली! डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मेकॅनिक सल्ला देतो, "एक्स्प्रेस हायवेला एक चक्कर मारून या." चार पैसे वाचावेत म्हणून घेतलेली गाडी केवळ तिची तब्येत राखायला लोणावळ्यापर्यंत न्यायची, हा प्रकार विनोदीच म्हणायचा.

गंमत अशी की डिझेल इंजिन मुळात रहदारीला चांगलं. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटतं, स्पार्क प्लग लागत नाही. पेट्रोल इंजिनाला हळू चालताना अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढावी लागते आणि तिथे ताकद वाया जाते. डिझेलला ही अडचण नाही. शिवाय डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलहून दहा टक्क्यांच्या वर ऊर्जा जास्त. थोडक्यात, इंजिनाला शहर मानवतं, सायलेन्सरला मानवत नाही.

पैशाचा हिशेब अल्ट्रोझवरच करून पाहता येतो. मे २०२५ मध्ये तिचं 'प्युअर' मॉडेल पेट्रोलमध्ये ७.६९ लाखांना आलं, डिझेलमध्ये ८.९९ लाखांना. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १३. म्हणजे दारात येईपर्यंत फरक एक लाख साठ हजारांच्या वर. मुंबईत तेव्हा पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि डिझेल ९०. कंपनीचं ॲव्हरेज, १९.३३ आणि २३.६४, खरं मानलं तर किलोमीटरमागे जेमतेम दीड रुपया वाचतो. फरक वसूल व्हायला लाखभर किलोमीटर. शहरात दोन्ही आकडे घसरतात. पेट्रोलचं तेरा, डिझेलचं सतरा धरलं तर साठेक हजार किलोमीटरमध्ये भागतं. तरी रोज पंचवीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, या चालीनं आठ वर्षं गेली. सर्व्हिसिंगचा जादा खर्च यात धरलेलाच नाही. दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली होती आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली होती.

पेट्रोलवालेही सुखात आहेत असं नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या पट्ट्याला त्याचा आनंद, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यानं ॲव्हरेज थोडं उतरतंच. म्हणून डिझेल सोडलेली बरीच गिऱ्हाइकं पुणे-मुंबईत सीएनजीकडे वळली. पंपावरची रांग आणि गेलेली डिकी त्यांनी पदरात घेतली.

तेव्हा घर ते ऑफिस एवढीच गाडी लागणाऱ्यानं नवं डिझेल घेऊ नये, हे स्वच्छ सांगायला हरकत नाही. रोज नाशिक-सिन्नर किंवा कोल्हापूर-सांगली करणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं गणित वेगळं. त्याची जाळी आपोआप साफ राहते आणि लाख किलोमीटर चार-पाच वर्षांत होतात. सेकंडहँड बाजारात बीएस-४ च्या डिझेल स्विफ्टला अजून गिऱ्हाईक आहे तेही अशांचंच. तशी गाडी बघायला सकाळी जावं आणि आपण येईपर्यंत इंजिन चालू करू नका, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. गार इंजिनावर स्टार्टर किती वेळ फिरतो ते ऐकावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा भसाभस येत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बघायला हवं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण जपून सैल करावं. तिथून धुराचे लोट आले तर पिस्टन रिंगा झिजल्यात असं समजावं आणि किमतीची बोलणी त्या खर्चापासून सुरू करावीत.