इच्छांचे रोप आपल्याच अंगणात

नाताळच्या दिवसांत नागपूरच्या सदर भागात घरोघरी चांदण्यांचे कंदील लागतात आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आपल्याही घरी येते. दिवाळीला आपले ताट त्यांच्याकडे गेलेले असते. या देवघेवीत त्या धर्माच्या गाभ्यातील एखादा विचारही असावा, या हेतूने आज आम्ही येथे एका सत्पुरुषाचे स्मरण करीत आहोत.

‘एसएफएस’ ही अक्षरे ठाऊक नाहीत असे घर नागपुरात विरळाच. शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर ती झळकतात, मुले ती सहज उच्चारतात. मात्र त्यांमागे संत फ्रान्सिस डी सेल्स हे नाव आहे आणि मोहननगरातील कॅथेड्रलही त्यांच्याच नावाचे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली आल्प्सच्या कुशीतील सॅव्हॉय प्रांतात झाला. ते जिनिव्हाचे बिशप. परंतु ते शहर प्रॉटेस्टंटांच्या सत्तेखाली असल्याने त्यांचे वास्तव्य ॲनसी या गावी असे. २८ डिसेंबर १६२२ रोजी, म्हणजे नाताळच्याच सप्ताहात, त्यांनी देह ठेवला. पुढे १८३८ साली ॲनसी येथे त्यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन झाला. त्या संघाचे धर्मगुरू १८४५ साली भारताकडे निघाले आणि १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्यांच्यासमवेत हे नाव आपल्या गावी आले.

फ्रान्सिस यांची विशेष ख्याती आहे ती संसारी माणसांचे गुरू म्हणून. खरी भक्ती मठातच साधते, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ती खोडून काढली. ‘फिलोथिआ’, म्हणजे ईश्वरावर प्रेम करणारी, अशा कल्पित नावाने एका गृहिणीला उद्देशून हा ग्रंथ लिहिला आहे. कारागिराने हातातले काम टाकून दिवसभर देवळात बसावे, ही भक्ती नव्हे. ज्याची जी अवस्था, तिला साजेल अशी त्याची भक्ती असावी, हे त्यांचे मुख्य सांगणे होय.

याच ग्रंथात मनुष्याच्या इच्छांविषयी एक प्रकरण आहे. वाईट इच्छा टाळाव्या हे सर्वच धर्म सांगतात. फ्रान्सिस यांचे लक्ष मात्र चांगल्या इच्छांकडे आहे. ते उदाहरण देतात अंथरुणास खिळलेल्या रोग्याचे. देवळात जावे, दुसऱ्यांची सेवा करावी, असे त्यास सारखे वाटते. इच्छा उत्तमच, परंतु आज ती त्याच्या हाती नाही. तिच्या ध्यासात तो कष्टी होतो, आणि ईश्वर त्याच्याकडून या घडीला ज्यांची अपेक्षा करतो ती सहनशीलता व मनाची मृदुता मात्र राहून जाते. मग अशा इच्छा मारून टाकाव्या काय? फ्रान्सिस म्हणतात, तसे नव्हे. ज्यांची वेळ आलेली नाही त्या अंतःकरणाच्या एका कोपऱ्यात नीट जपून ठेवाव्या आणि ज्यांची आली आहे त्या आज आचरणात आणाव्या.

हा उपदेश किती कठीण आहे, ते त्यांच्या शिष्या जेन द शांताल यांच्या चरित्रावरून कळते. १६०१ साली शिकारीच्या वेळी चुकून गोळी लागून त्यांचे पती निवर्तले. तिशीच्या आत वैधव्य आले, पदरी चार मुले. संसार सोडून ईश्वरसेवेस वाहून घ्यावे, ही त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु वृद्ध सासऱ्यांनी त्यांना आपल्या घरी येऊन राहण्यास भाग पाडले. सासरे तापट, आणि घरचा सारा कारभार एका नोकराणीच्या मुठीत. १६०४ साली फ्रान्सिस यांची भेट झाली. त्यांनी जेन यांची इच्छा थोर मानली, पण तातडीने निघण्याची अनुज्ञा दिली नाही. मुलांचे संगोपन, सासऱ्यांची सेवा, रुग्णांची शुश्रूषा हीच त्यांची तूर्तची साधना ठरली. त्या नोकराणीच्या मुलांनाही जेन यांनी शिकविले. पूर्वी बाईसाहेबांच्या प्रार्थनेपायी सारे घर वेठीस धरले जाई. आता त्यांची प्रार्थना दिवसभर चालते आणि कोणास तोशीस पडत नाही, असे घरची माणसे म्हणत, अशी आठवण चरित्रकार सांगतात.

मुलांची व्यवस्था लावून जेन १६१० साली निघाल्या आणि ॲनसी येथे त्यांनी फ्रान्सिस यांच्या साह्याने ‘व्हिजिटेशन’ हा स्त्रियांचा संघ स्थापिला. अन्य मठांचे कडक नियम ज्यांना झेपत नसत, अशा अशक्त व वयस्क स्त्रियांनाही तेथे आश्रय होता. निघताना किशोरवयीन पुत्राने उंबरठ्यावर आडवे होऊन त्यांची वाट अडविली, असे सांगतात. इच्छेला योग्य वाट मिळाली म्हणून दुःख चुकले, असे मात्र नाही.

हे सारे आपणांस परके वाटू नये. धर्माशी विरोध नसलेल्या कामनेत भगवंतांनी आपलेच रूप असल्याचे गीतेच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. आणि अरणच्या सावता महाराजांनी तर मळ्यातच पांडुरंग पाहिला! दुसऱ्याच्या बागेत इच्छा पेरीत न बसता आपली बाग राखावी, अशा आशयाचा बोध फ्रान्सिस यांच्या पत्रांतूनही आढळतो. सावतोबांच्या मळ्यातील माणसाला तो लगेच उमजला असता.

आपल्या घरांतून पाहावे. काशीयात्रेची आस लागलेली सून सासूच्या आजारपणामुळे अडकून पडते. यात्रेची तळमळ तिने तशीच धुमसत ठेवली, तर औषधाचा पेला पुढे करतानाही हातात कडवटपणा उतरतो आणि तो अंथरुणावरच्या जिवास कळतो. तीच तळमळ त्या सेवेत ओतली, तर यात्रा कदाचित घडेल, कदाचित घडणार नाही. पण आजचा दिवस ईश्वराकडे वाहिला जातो. मात्र तिने मन आवरावे, हा उपदेश तिला करून घरातील इतरांनी मोकळे होऊ नये. तिचा भार थोडा उचलून तिला यात्रेस धाडणे, हे त्यांच्या अंगणातले काम आहे.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. परंतु तिच्या आधी ईश्वराच्या इच्छेला स्थान आहे. ख्रिस्ती भाविक ती प्रार्थना नाताळच्या उपासनेतही म्हणतात. आपणही सायंकाळी देवापुढे दिवा लावून हात जोडताना, आज काय मागावे याच्या आधी आज आपल्या हाती काय दिले आहे, हे क्षणभर आठवावे. आमच्या सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!