थरारकथेचे अंतरंग – लेखांक ४ : गुन्हेगाराच्या बाजूचा वाचक

रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हा प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवलेला असतो, तर थरारकथेत तो पुष्कळदा आरंभीच निकालात निघतो आणि ‘आता पुढे काय होणार’ ही धास्ती त्याची जागा घेते. म्हणूनच मागील लेखात पाहिलेल्या माहिती दडवण्याच्या क्लृप्त्या येथे अपुऱ्या पडतात आणि लेखकाची सारी भिस्त निवेदनावर येते. निवेदन म्हणजे नुसते गोष्ट सांगणे नव्हे. ती कोणाच्या नजरेतून, कोणाच्या मनाला किती खेटून आणि कोणते तपशील वेचून सांगितली जाते, ही सगळी व्यवस्था या संज्ञेत येते.

अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ यांची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) ही कादंबरी या व्यवस्थेचा कदाचित सर्वांत धीट नमुना ठरावी. डिकी ग्रीनलीफ या श्रीमंत तरुणाला इटलीहून परत आणण्यासाठी पाठवलेला टॉम रिप्ली सान रेमो येथे होडीतच त्याचा खून करतो आणि पुढे त्याच्याच नावाने, त्याच्याच पैशावर राहू लागतो. कथा तृतीयपुरुषात असली तरी निवेदक टॉमच्या मनाबाहेर पाऊल टाकत नाही. अशा निवेदनाला मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन म्हणतात.

या मर्यादेचा परिणाम रोममधील दुसऱ्या खुनाच्या प्रसंगात स्पष्ट दिसतो. डिकीचा मित्र फ्रेडी माइल्स याला संशय येताच टॉम जड काचेच्या रक्षापात्राने त्याला ठार करतो; पण खरा ताण त्यानंतर सुरू होतो. दोघे मित्र पीत बसले होते असे भासावे म्हणून खोलीत मांडामांड करायची, अंधार पडेपर्यंत थांबायचे, मग दारू चढलेल्या मित्राला सावरावे तसा तो अवजड देह जिन्यावरून खाली आणायचा आणि मोटारीतून आपियन मार्गावर नेऊन टाकायचा. टॉमची दमछाक आणि कोणी पाहील ही भीती वाचकापर्यंत इतक्या जवळून पोहोचते, की आत्ता कोणी येऊ नये असे त्यालाही वाटू लागते, आणि मेलेल्या फ्रेडीसाठी हळहळायला त्याच्याजवळ उसंत उरत नाही.

टॉमच्या बालपणीच्या अवहेलनेचे उल्लेख कादंबरीत आहेत खरे, पण वाचकाची साथ केवळ त्यांच्या बळावर मिळालेली नाही. अधिक महत्त्वाचे हे की डिकीच्या मनाचे दार लेखिका कधीच उघडत नाही आणि त्याची मैत्रीण मार्ज सतत टॉमच्या नावडीतूनच दिसते. आपण ज्याची अडचण आतून ओळखतो त्याची काळजी करतो, मग तो चांगला असो वा वाईट, ही मानवी मनाची अस्वस्थ करणारी खोड हायस्मिथ यांनी अचूक हेरली होती. गुन्हेगाराला एखादे दुःखी बालपण चिकटवून सहानुभूती उकळणाऱ्या पुढच्या अनेक कादंबऱ्या याच ठिकाणी तोकड्या पडतात.

फ्रेडरिक फोर्साइथ यांनी ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये (१९७१) नेमकी उलट वाट धरली. फ्रान्सचे माजी अध्यक्ष द गॉल १९७० मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले होते, त्यामुळे कादंबरीतला त्यांच्या हत्येचा कट फसणार हे वाचकाला आधीच ठाऊक. शिवाय निवेदन सर्वज्ञ, म्हणजे पोलिसांकडे, मंत्रालयात, कुठेही जाऊ शकणारे, आणि तरीही मारेकऱ्याच्या अंतरंगाबाबत जवळजवळ मौन पाळणारे. दिसते ते त्याचे काम : मृत बालकाच्या जन्मदाखल्यावरून मिळवलेले पारपत्र, खास घडवून घेतलेली बंदूक, अरण्यात झाडाला टांगलेल्या खरबुजावर साधलेला नेम. कामातील ही काटेकोर तयारी इतकी मोहिनी घालते की परिणाम माहीत असूनही उत्कंठा टिकते. मात्र ती ‘होईल का’ याची नसून ‘कसे फसेल’ याची असते. त्याच निवेदनाने संथ, सोशिक पोलीस अधिकारी लबेल याचेही काम तितक्याच बारकाईने दाखवले असल्यामुळे वाचक दोन कसबी माणसांमध्ये विभागला जातो. टॉमच्या बाबतीत ही मुभा हायस्मिथ यांनी वाचकाला कधीच दिलेली नव्हती.