तळेगाव रोहीचा दत्तू आणि चार वर्षांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत नोकरभरतीचे आणि परीक्षांचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही दर रविवारी करतो. उभी हयात कारकुनीत गेली, अर्जातला एक रकाना चुकला की पोराचे वर्ष कसे वाया जाते ते आम्ही टेबलाच्या पलीकडून पाहिलेले आहे. म्हणून हे काम आपसूकच आमच्याकडे आले.

त्या दिवशी वस्तीतल्याच एक ताई आपल्या मुलाला घेऊन आल्या. ताई चार घरी स्वयंपाकाला जातात. मुलगा विशीचा, दारातून वाकून आत येणारा, हात गुडघ्याला टेकतील की काय असे लांब. कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो. त्याने आणलेल्या पिशवीत गुणपत्रिकांपेक्षा खेळाची प्रमाणपत्रेच जास्त होती.

"जय भीम दादा. याला तुम्हीच काय ते सांगा. सकाळी ग्राऊंड, संध्याकाळी ग्राऊंड. पोट भरतं का हो त्यानं? त्यापेक्षा कारकुनाचा फॉर्म भरा याचा, तुमच्यासारखी नोकरी लागू द्या."

मुलगा खाली मान घालून उभा. वाचकहो, खरे सांगतो, आमच्या तोंडावर आलेच होते की आई म्हणते ते बरोबर आहे बाबा, बस खाली आणि भर फॉर्म. घराघरात आपण हेच बोलतो, आणि ते वाईट हेतूने बोलत नाही. ज्या घरात एकाच्या पगारावर सहा ताटे वाढली जातात, त्या घराला खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला तर त्यात त्या घराचा काय दोष? पण मुलाची ती उंची आणि ते हात पाहिले आणि आम्हाला आपल्याच जिल्ह्यातला दत्तू भोकनळ आठवला. मग अर्ज तसाच बाजूला ठेवला आणि त्या दोघांना दत्तूची हकिकत सांगितली. तीच येथे लिहीत आहोत.

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे निघालो की पिंपळगावपर्यंत द्राक्षांचे मळे सोबत करतात. पुढे चांदवड लागले की जमीन बदलते. डोंगर उघडे, नाले कोरडे. एकाच जिल्ह्यात त्र्यंबक-इगतपुरीला पाऊस नकोसा होतो आणि चांदवड, येवला, नांदगावला तो वाट पाहायला लावतो. या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दत्तू बबन भोकनळ याचे गाव. जन्म १९९१ चा. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत आणि दत्तूही त्यांच्या हाताखाली खोदकामाला जाई. शिक्षण मध्येच तुटले, पुन्हा सुरू झाले. शाळेत जात असताना रात्री त्याने पेट्रोलपंपावर काम केले. २०११ साली वडील हाडांच्या कर्करोगाने गेले आणि घराचा भार या मोठ्या मुलावर आला. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला. खेळाडू म्हणून नव्हे, साधा जवान म्हणून. घर चालवायला पगार हवा होता, एवढेच कारण.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता आणि नौकानयन नावाचा खेळ असतो हेही त्याच्या गावी नव्हते. पुण्याला खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना सुभेदार कुद्रत अली या प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर गेली. सहा फुटांहून अधिक उंची, लांब हात आणि खोदकामाने कमावलेली पाठ. त्यांनी त्याला वल्हे हाती दिले. गंमत अशी की या गड्याला पाण्याचीच भीती वाटे! दुष्काळी गावच्या पोराने विहिरीचा तळ पाहिलेला, पण अंगाखाली पाणी घेऊन बसण्याची वेळ कधी आली होती?

आणि ती नौका म्हणजे आपली गोदावरीतली होडी नव्हे. एकट्याने चालवायची शर्यतीची नौका साधारण आठ मीटर लांब, वजन जेमतेम चौदा किलोच्या आसपास, आणि रुंदी इतकी कमी की बसणाऱ्याच्या दोन्ही मांड्या काठाला घासाव्यात. दोन हातांत दोन वल्ही. पाय पुढच्या फळीला बांधलेल्या बुटांत अडकवलेले आणि बसायची पाटी रुळांवर मागेपुढे सरकणारी. पाहणाऱ्याला वाटते हातांचा खेळ आहे. खरा जोर पायांचा आणि पाठीचा असतो, हात शेवटी येतात. तोल जरा गेला की गडी पाण्यात. शिवाय खेळाडू शर्यतीच्या दिशेला पाठ करून बसतो. जिथे पोहोचायचे ते दिसत नाही, मागे पडलेले तेवढे दिसते. शर्यत दोन हजार मीटरची, सात मिनिटांच्या आसपासची, आणि त्या सात मिनिटांसाठी वर्षानुवर्षे रोज पहाटेपासून पाण्यावर.

२०१३ मध्ये दत्तू पुण्यातील सैन्याच्या नौकानयन केंद्रात आला. हे केंद्र दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आहे आणि तेथे शर्यतीच्या मापाचा जलमार्ग आहे. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदके घेतली. २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत पुन्हा रौप्य, आणि रिओचे तिकीट पक्के. याच काळात आईला अपघात होऊन डोक्याला मार बसला होता, स्मरणशक्तीवर परिणाम झाला होता. मुलगा ऑलिंपिकला निघाला आहे हे त्या माउलीला नीटसे उमगतही नव्हते. आमच्याकडे आलेल्या ताईंनी एवढे ऐकल्यावर पदर डोळ्याला लावला, आणि मग प्रथमच त्यांनी मुलाकडे वळून पाहिले.

ऑगस्ट २०१६. रिओच्या स्पर्धेत नौकानयनात भारताचा हा एकटाच खेळाडू. प्राथमिक फेरीत तिसरा येऊन त्याने उपान्त्यपूर्व फेरी गाठली, तेथे चौथा आला आणि पदकाच्या वाटेतून बाहेर पडला. पण खालच्या क्रमांकांसाठी ज्या फेऱ्या होतात त्यांतील आपली अंतिम शर्यत त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली. एकूण क्रमांक तेरावा. जगात तेरावा! वल्हे हाती घेऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

त्या शर्यतीचे सुवर्ण ज्याला मिळाले तो न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल तेव्हा सदतीस वर्षांचा होता. २००८ ला कांस्य, २०१२ ला सुवर्ण आणि २०१६ ला पुन्हा सुवर्ण. म्हणजे या खेळात माणूस पिकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याला कुणीतरी द्यावा लागतो. आमच्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

गुणी पोराला वेळ देण्याच्या रीती देशोदेशी निराळ्या आहेत. कॅनडात बर्फावरची हॉकी हा घराघराचा खेळ. तिकडे पोर चार-पाच वर्षांचे झाले की पायात चाकाऐवजी पाते असलेले बूट चढतात, खर्च आईबाप सोसतात, आणि अठराव्या वर्षी तेथील मोठ्या व्यावसायिक संघांचे लोक भर सभेत नाव पुकारून एकेक मुलगा निवडून घेतात. निवड झाली की पुढची काही वर्षे त्याला घडवण्याचे काम संघाचे. पण तीच बर्फावरची हॉकी आपल्या लडाखमध्ये पाहा. तेथे तलाव गोठले की पोरे खेळू लागतात, पण खेळावर पोट भरणारा व्यावसायिक संघ नाही. नावाजलेले संघ लडाख स्काउट्सचे आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचे. म्हणजे आधी जवानाची वर्दी, मग खेळाडूचा अंगरखा. आपल्याकडे 'व्यावसायिक खेळाडू' याचा अर्थ बहुतेक खेळांत हाच आहे, क्रिकेटची गोष्ट सोडून द्या. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकच्या मैदानावर घडली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने आणले. तिलाही तेल कंपनीच्या नोकरीचाच आधार होता.

आणि ही रीत आजची नाही. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायला ठेवलेले आपले बाळू पालवणकर! ग्रेग नावाचा साहेब स्वतःच्या सरावासाठी त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. साहेबाने काही उपकार म्हणून ते केले नव्हते. पण त्या तासांतूनच तो गोलंदाज घडला, ज्याने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हात बाळूंचे होते, पण महिन्याचा पगार नसता तर ते तास कुठून आले असते?

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी, त्यामुळे दत्तूची गोष्ट आम्हाला खतावणीसारखी दिसते. नावे बाजूला वडिलांचा मृत्यू, आईचे आजारपण, तुटलेले शिक्षण, उशिरा झालेली सुरुवात. जमेला मात्र दर महिन्याला ठरलेला पगार, पोटभर जेवण (नौकानयनाच्या खेळाडूला साध्या माणसाच्या दुप्पट अन्न लागते, ते काय चटणी-भाकरीवर होते?), नौका, पाणी, शिकवणारा माणूस. आणि सर्वांत मोठी जमा म्हणजे उद्या नोकरी राहील की नाही ही चिंता नसणे.

आता मुद्द्यावर येतो. २०२२ पासून सैन्यात जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. मुदत चार वर्षांची. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे कायम केले जाते, बाकीचे ठरलेली रक्कम घेऊन घरी. ज्यांच्या हाती आधीच मोठ्या स्पर्धांची पदके आहेत, त्यांच्यासाठी खेळाडूंची वेगळी भरती आहे. पण २०१२ च्या दत्तूकडे कुठले पदक होते? तो साध्या दाराने आत गेला आणि आत गेल्यावर सापडला. त्याची पहिली चार वर्षे मोजली तर ती बरोबर रिओपाशी संपतात. त्याचे आशियाई सुवर्ण त्यानंतरचे आहे. २०१८ मध्ये पालेमबांग येथे चौघांच्या नौकेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत ते त्याने मिळवले. आदल्याच दिवशी एकट्याच्या शर्यतीत प्रकृती बिघडून तो सर्वांत मागे पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण! ती अपुरी शर्यत त्याला पुढे भोवली. त्याने मुद्दाम वल्हे थांबवले असे ठरवून महासंघाने २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. आपण आजारी होतो हे त्याचे म्हणणे होते. २०२० च्या प्रारंभी बंदी उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. मधल्या त्या वर्षात नोकरी नसती तर तो कुठे उभा राहिला असता, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. उद्याच्या दत्तूला चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांत बसावे लागेल. तेव्हा पोरगा आधी हेरला गेला पाहिजे, आणि ते हेरणे आता सुभेदारावर सोडून चालणार नाही.

तशा वाटा आहेत. सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आठ ते चौदा वर्षांची मुले घेतात, राहणे-जेवण, शाळा आणि खेळ एकत्र होते. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मात्र कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते आणि कोणत्या दर्जाचे लागते, हे आधी विचारून घ्यावे लागते. ताईंच्या मुलाच्या पिशवीतली निम्मी प्रमाणपत्रे गल्लीतल्या मंडळांच्या स्पर्धांची निघाली. सुंदर, सोनेरी किनारीची, आणि भरतीच्या खिडकीवर शून्य किमतीची. पालकांनो, ढाल किती मोठी आहे हे पाहू नका, स्पर्धा कुणी भरवली ते पाहा.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला गंगापूर रोडला के.टी.एच.एम. महाविद्यालयाच्या मागे नेले. तेथे गोदावरीच्या पात्रात बोट क्लब आहे. सकाळची वेळ, पाण्यावर लांबट नौका सरकत होत्या. पोरगा काठावर तासभर उभा राहिला. एकदाच म्हणाला, "दादा, हे लोक उलटे बसतात."

संध्याकाळी ताईंच्या घरी बसून एका अर्जाच्या पाठीमागे हिशेब मांडला. दूध, अंडी, डाळ, बसचे भाडे, बूट. वस्तीच्या मंडळातून काय देता येईल, आमच्या पगारातून काय, ताईंवर किती उरेल. बेरीज केली आणि ताईंनी विचारले, "हे कुठवर, दादा?"

आम्ही आधी दोन वर्षे असे लिहिले, मग खोडून चार केले. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि कारकुनाच्या भरतीचा कोरा अर्जही मागून घेतला. दोन्ही घेऊन त्या उठल्या आणि चुलीवर भाकरी टाकायला गेल्या.