यूट्यूबवर पोट भरते का?

गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत एका वहिनींनी आम्हांला विचारले, "मुलगा मसाटच्या कंपनीतली नोकरी सोडून मोबाईलच्या माहितीचे मराठी व्हिडिओ करणार म्हणतो. तुम्ही बँकेतले, सांगा, यात पोट भरते का?" पंगतीत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून येथे लिहितो आहोत.

भरते. आग्र्याच्या अमित अगरवाल यांनी 2004 साली चांगली नोकरी सोडली आणि घरी बसून तंत्रज्ञानावर लिहायला घेतले. देशातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून आज त्यांचे नाव घेतात. त्यांच्यापाशी आयआयटीची पदवी होती, हे मात्र मुले सांगत नाहीत!

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत 4000 तास पाहणे लागते. म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ 24,000 वेळा पूर्ण पाहिला गेला पाहिजे. (छोट्या शॉर्ट्सचा हिशेब वेगळा.) मग मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीचे 55 टक्के आपले. 10 डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी पिनचे पत्र टपालाने येते, आणि 100 डॉलर होईपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत. अमेरिकेचा कर-फॉर्म पॅन देऊन भरावाच. तो भरला की तिकडच्या प्रेक्षकांपासूनच्या कमाईवरच कर कापतात, नाहीतर सगळ्या कमाईवर कात्री लागू शकते.

खरी गफलत फुकटच्या फोनमध्ये होते. कंपनीने परीक्षणाला दिलेला फोन परत केला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला आणि वर्षभरातल्या अशा वस्तूंची किंमत 20,000 रुपयांवर गेली, तर 1 जुलै 2022 पासून त्यावर 10 टक्के टीडीएस आहे. हातात येतो फोन, कर मात्र रोख!

आणि कर्ज. पगाराची स्लिप नसली की बँक साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. तेव्हा पहिल्या रुपयापासून खाते वेगळे ठेवावे आणि विवरणपत्र वेळेवर भरावे.

वहिनींना आम्ही एवढेच म्हटले, पहिले 100 डॉलर खात्यात आले की त्याला आमच्याकडे पाठवा, राजीनाम्याचे मग बघू. तो परवा आधीच येऊन गेला, पिनचे पत्र दाखवायला. रात्रपाळी करतो, सकाळी रेकॉर्डिंग. आतापर्यंत 31 डॉलर जमले आहेत.