गुण पाहून मदत

बऱ्हाणपुरात पाण्याचा विषय निघाला की कुंडी भंडाऱ्याचे नाव येतेच. मोगल अमदानीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारी वाटेने या शहरात आणले गेले. पैसा देणारी सत्ता शहरातच नांदत होती. पाणी आले की नाही, हे तिला स्वतः जाऊन पाहता येई. आज पैसा देणारा दूर असतो. मग काम झाले हे त्याने कशावरून ओळखावे, आणि पुढचा पैसा कोणास द्यावा?

गरीब राष्ट्रांना सवलतीची कर्जे व अनुदाने देणारी, जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय विकास संघटना 1960 साली स्थापन झाली. भारत दीर्घकाळ तिचा सर्वांत मोठा ऋणको होता. 2014 साली तो त्या यादीतून बाहेर पडला. देशाच्या कारभारास 16 कसोट्यांवर 1 ते 6 असे गुण दिले जातात. गुण देणारे अधिकारी बँकेचेच. 2006 पूर्वी हे गुण आकड्यांनिशी जाहीरही होत नसत.

आता थोडे गणित पाहू. वाटपाच्या सूत्रात लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि कारभाराचा गुणांक अशी तीन अंगे आहेत. पूर्वी या गुणांकाचा पाचवा घात घेत. समजा, दोन देश लोकसंख्येने व उत्पन्नाने अगदी सारखे आहेत. एकाचा गुणांक 4, दुसऱ्याचा 3. सूत्राप्रमाणे पहिल्याच्या वाट्यास चौपटीहून अधिक रक्कम येई. उलट, एखाद्याचे दरडोई उत्पन्न दुसऱ्याच्या निम्मे असले, तर त्या दारिद्र्यापोटी मिळणारी वाढ शेकडा 9 च्या आसपास! पुढे हा घात 2014 साली 4 आणि 2017 साली 3 करण्यात आला. तरीही वरील उदाहरणात पहिल्यास दुसऱ्याच्या सव्वादोन पटींहून अधिक मिळतेच. यादवीने पोळलेल्या देशांसाठी निराळी तरतूद आहे, हेही सांगितले पाहिजे.

गळक्या घागरीत पाणी ओतून काय उपयोग, असे या रीतीचे समर्थक विचारतात. म्हणणे खोटे नाही. परंतु घागर गळते ती सरकारची, आणि तहानलेली राहते ती खेड्यातली बाई.

गुण कोणी द्यावेत, याचे एक निराळे उत्तर आमच्या जिल्ह्यात सापडते. जल जीवन मिशन ही परकीय मदत नव्हे. केंद्राने व राज्याने मिळून खर्च उचललेले ते काम. 15 ऑगस्ट 2019 रोजी ते जाहीर झाले, तेव्हा येथील 37,241 ग्रामीण घरांतच नळ होता. जुलै 2022 मध्ये सर्व 1,01,905 घरी नळ पोहोचल्याचे घोषित झाले आणि ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा म्हणून बऱ्हाणपूरची नोंद झाली. त्यासाठी अभियंत्याचा दाखला पुरेसा नव्हता. 254 गावांच्या ग्रामसभांनी, एकही घर वगळले गेलेले नाही, असा ठराव करावा लागला.

ठराव दडपणाखालीही होऊ शकतो, हे मी नाकारीत नाही. पण ज्या बाईच्या नळास पाणी नाही, तिला त्याच सभेत उभे राहून तसे सांगता येते. बँकेच्या गुणपत्रकात तिला तोंड नाही. अडचण एवढीच, की जुलैतला ठराव मे महिन्यातल्या नळाविषयी काही सांगत नाही. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्यावरही दर उन्हाळ्यात तो ठराव ग्रामसभेपुढे पुन्हा ठेवावा, असे मला वाटते.