जाळे फेकण्याचे कसब

(नदीच्या काठावर उभा राहून जाळे फेकणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याचे काम दिसायला सोपे असते. ते शिकावे कसे लागते आणि शिकताना कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर असे होते. सह्याद्रीच्या रांगा, कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आणि प्रवरा नदी ही या तालुक्याची ओळख आहे. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदरा येथे तिच्यावर १९१० ते १९२६ या काळात मोठे धरण बांधण्यात आले. त्याच्या खालच्या बाजूला निळवंडे धरण आहे. तेथून नदी अकोले गावाजवळून वाहत संगमनेरकडे जाते.

पाणी असेल तेथे मासे असतात आणि मासे असतील तेथे ते पकडणारेही असतात. आपल्याकडच्या नद्यांत आणि तलावांत रोहू, कटला, मरळ, चिलापी असे मासे सापडतात. कोणी गळ टाकून बसतो. कोणी रात्री पाण्यात जाळे ताणून ठेवतो आणि सकाळी काढतो. पण सर्वांत जास्त हातोटी लागते ती फेकजाळ्याला. कोकणात या जाळ्याला पाग असेही म्हणतात. नदीकाठच्या भोई समाजात ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

'कसब' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत 'कस्ब' म्हणजे कमाई किंवा धंदा. मराठीत येऊन त्याचा अर्थ 'हातातील कौशल्य' असा झाला. जाळे फेकणाऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ खरे ठरतात. त्याच्या हातातील कौशल्य हीच त्याची कमाई असते.

फेकजाळे जमिनीवर पसरले, तर ते मोठ्या गोल चादरीसारखे दिसते. त्याच्या मध्यभागी एक लांब दोरी बांधलेली असते. गोल कडेला सगळीकडे शिशाचे लहान लहान तुकडे ओवलेले असतात. पूर्वी ही जाळी सुताची किंवा तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवीत. आता नायलॉनची जाळी आली आहेत. ती हलकी असतात, लवकर वाळतात आणि कुजत नाहीत.

जाळे पाण्यावर पडले, की शिशाच्या वजनाने त्याची कड भराभर खाली जाते. तळाशी पोहोचेपर्यंत जाळ्याचा तंबू तयार होतो आणि मासे त्याच्या आत सापडतात. मग दोरी हळूहळू ओढायची. ओढताना शिशाचे तुकडे तळाला घासत जवळ जवळ येतात आणि तंबूचे तोंड मिटते. कडेला आतून दुमडलेल्या झोळ्या असतात. मासे त्यांत अडकतात.

हे सारे घडण्यासाठी जाळे पाण्यावर पूर्ण गोल पडले पाहिजे. थोडे गणित करून पाहा. जाळ्याची त्रिज्या २ मीटर असेल, तर ते सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा झाकते. तेच जाळे १ मीटर त्रिज्येइतकेच उघडले, तर झाकलेली जागा जेमतेम ३ चौरस मीटर होते. म्हणजे जाळे निम्मे उघडले, तर जागा निम्मी होत नाही. ती पाव होते!

आता जाळे फेकायचे कसे ते पाहू. प्रथम दोरीचे टोक डाव्या मनगटात अडकवायचे आणि उरलेल्या दोरीची वेटोळी डाव्या तळहातात धरायची. त्याच हातात जाळ्याचा वरचा भागही गोळा करायचा. खाली लोंबणाऱ्या कडेचे साधारण तीन भाग करायचे. एक भाग डाव्या कोपरावर टाकायचा, एक उजव्या हातात धरायचा आणि एक मोकळा लोंबू द्यायचा. मग कमरेतून मागे वळायचे आणि झोक घेऊन पुढे यायचे. उजव्या हातातील कड आधी सुटते. कोपरावरचा भाग तिच्यामागोमाग घसरून जातो. मनगटातील दोरी मात्र सुटत नाही.

जाळे हवेत उघडते कशामुळे? शेतात पाखरे उडवताना राखणदार गोफण फिरवतो, ते आठवा. गोफणीची एक दोरी सोडली, की दगड गोल फिरत राहत नाही. तो सरळ दूर निघून जातो. जाळ्याच्या कडेचा प्रत्येक शिशाचा तुकडा असाच एक छोटा दगड आहे. शरीराच्या झोकाने जाळ्याला फिरकी मिळाली, की प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने बाहेर पळू पाहतो. सगळे तुकडे बाहेर पळाले, की जाळे गोल ताणले जाते. जाळे दूर फेकण्यापेक्षा ते फिरवणे जास्त महत्त्वाचे असते, ते यामुळेच.

नवशिका नेमका येथेच चुकतो. त्याला वाटते, की हे ताकदीचे काम आहे. तो दंडाचा जोर लावून जाळे पुढे भिरकावतो. जाळ्याला फिरकी मिळत नाही आणि ते बोचक्यासारखे धपकन पाण्यात पडते. आवाजाने मासे पळतात. कधी तो उजवा हात उशिरा सोडतो आणि जाळे चंद्रकोरीसारखे अर्धेच उघडते. कधी घडी नीट नसते, मग हवेतच गुंता होतो. घट्ट गुंता सोडवायला अर्धा अर्धा तासही जातो!

म्हणून पहिला धडा पाण्यात घ्यायचा नसतो. तो कोरड्या जमिनीवर घ्यायचा असतो. सुगीनंतर मोकळे पडलेले खळे यासाठी उत्तम. ते झाडून घ्यावे. खडा किंवा काटा राहिला, तर जाळे फाटते. जमिनीवर राखेने एक मोठे वर्तुळ काढावे. जाळ्यावर बादलीभर पाणी ओतून ते भिजवावे, कारण ओले जाळे जड होते आणि चांगले उघडते. मग वर्तुळावर नजर ठेवून जाळे फेकावे. ते पूर्ण उघडले, की चंद्रकोर झाली, की बोचके पडले, हे लगेच दिसते. चूक कोठे झाली, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. जाळे उचलावे, झटकावे, पुन्हा घडी घालावी आणि पुन्हा फेकावे. शिकणाऱ्याचे जाळे लहान असावे. मोठ्या माणसाचे जाळे मुलाच्या हाताला पेलत नाही.

गंमत अशी, की दूरच्या देशांतही हाच नियम आहे. युरोप-अमेरिकेत 'फ्लाय फिशिंग' नावाचा गळाचा एक प्रकार आहे. त्यात गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करतात. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने अशा गळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आपल्या साध्या गळाला वजन बांधलेले असते आणि ते वजन दोरीला ओढून नेते. खोट्या माशीला मात्र वजनच नसते. तेथे दोरीच जाड आणि वजनदार असते. लवचीक काठीच्या झटक्याने ती आधी मागे उडवायची. मागे ती सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मगच पुढे आणायची. नवशिका थांबत नाही, घाई करतो. मग दोरी त्याच्याच पायाशी येऊन पडते. तेथेही शिकणारा प्रथम गवताच्या मैदानावर उभा राहतो आणि गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून सराव करतो. काश्मीरच्या थंड नद्यांत १९०० च्या सुमारास इंग्रजांनी ट्राउट मासे आणून सोडले. तेथे आजही या रीतीने मासे धरले जातात. साधन निराळे असले, तरी जोर आणि घाई या दोन चुका दोन्हीकडे सारख्याच आहेत. आपण ज्याला 'सब्र' म्हणतो, त्याला मराठीत 'सबुरी' म्हणतात. ती येथे उपयोगी पडते.

खळ्यावर हात बसला, की काठावर जावे. सूर्य पाठीशी असेल, तर आपली सावली पाण्यावर पडते आणि मासे सावध होतात. म्हणून जागा पाहून उभे राहावे. वाहत्या पाण्यात जाळे थोडे वरच्या अंगाला टाकावे. तळाशी जाईपर्यंत प्रवाह त्याला खाली नेतोच.

मुलांनो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जाळ्याची दोरी मनगटात असते, हे विसरू नका. जाळे पाण्याखालच्या खडकात किंवा बुडालेल्या झाडात अडकले आणि प्रवाहाने ओढ घेतली, तर जाळ्याबरोबर माणूसही ओढला जातो. म्हणून दोरीला एका हिसक्यात सुटेल अशीच गाठ असावी. जाळे गेले, तर पुन्हा विणता येते. काही लोक फेकताना जाळ्याची कड दातांत धरतात. शिसे विषारी असते, म्हणून तसे कधीही करू नये. पोहणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय पाण्याजवळ जाऊ नये. धरणाच्या खोल पाण्यात तर मुळीच उतरू नये. तेथील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, हेही लक्षात ठेवावे.

काळजी जशी आपली घ्यायची, तशी माशांचीही घ्यायची. जाळ्याच्या दोऱ्यांमधील चौकोनी घराला 'आस' म्हणतात. आस मोठी असेल, तर लहान पिल्ले निसटून जातात आणि पुढे मोठी होतात. आस बारीक असेल, तर तीही अडकतात. पहिल्या पावसाने ओढ्यांना पाणी आले, की अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. कधी ते भाताच्या खाचरांपर्यंत जातात. त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. ते सहज हाती लागतात, म्हणून लोक त्यांना पाट्या भरभरून पकडतात. पण अंड्यांनी भरलेला एक मासा पकडला, तर त्याच्यापासून होणारी हजारो पिल्लेही जातात. पुढच्या वर्षी तोच माणूस नदी रिकामी झाली म्हणून तक्रार करतो.

तेव्हा जाळे केव्हा फेकू नये, हे ज्याला कळले, त्यालाच खरा वस्ताद म्हणावे.

शब्दार्थ

कसब – हातातील कौशल्य
हातोटी – काम करण्याची खुबी
कड – किनार, काठ
गोफण – दोरीने दगड भिरकावण्याचे साधन
नवशिका – नव्याने शिकणारा
बोचके – कपड्यांचे गाठोडे
खळे – धान्य मळण्याची सपाट, गोल जागा
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
वस्ताद – उस्ताद, कामात तरबेज असलेला माणूस

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रवरा नदी कोणत्या परिसरात उगम पावते?
(आ) जाळ्याच्या कडेला काय ओवलेले असते?
(इ) सराव करताना जाळे का भिजवतात?

२. कारणे लिहा.
(अ) जाळे ताकदीने फेकले, तर ते उघडत नाही.
(आ) दोरीची गाठ एका हिसक्यात सुटणारी असावी.
(इ) चढणीचे मासे पकडू नयेत.

३. फेकजाळे आणि 'फ्लाय फिशिंग' शिकण्याच्या रीतींत कोणते साम्य आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

४. उर्दूतून मराठीत आलेले तीन शब्द या पाठातून शोधा. दोन्ही भाषांतील त्यांचे अर्थ लिहा.

५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याने आपले काम कसे शिकले, ते विचारून दहा ओळी लिहा.