आजोबांची चिंता

वाचकहो, आपल्या घरी वर्तमानपत्र प्रथम कोणाच्या हाती पडते? बहुधा आजोबांच्या. चष्मा पुसून ते अग्रलेख वाचतात आणि घडी घालता घालता, "या देशाचे पुढे होणार तरी काय!" असा उद्गार काढतात. नातवंडे एकमेकांकडे पाहून हसतात, सूनबाई चहा पुढे करतात, आणि विषय तेथेच संपतो. तो इतक्या सहजी संपवू नये, असे आम्हांस वाटते. त्यासाठीच एका आजोबांची हकीकत सांगावयाची आहे.

हे आजोबा म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. त्यांची कन्या लक्ष्मी हिचा विवाह १९३३ साली देवदास गांधी यांच्याशी झाला, आणि राजाजी गांधीजींचे व्याही झाले. गव्हर्नर जनरलच्या पदावर बसलेले ते एकमेव भारतीय. १९५४ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. अशा पुरुषाने उतारवयात नातवंडांना रामायण-महाभारत सांगत स्वस्थ बसावे, यात कोणास वावगे वाटले नसते. परंतु वयाची ऐंशी वर्षे पुरी झाल्यावर, जून १९५९ मध्ये, त्यांनी मद्रासेत 'स्वतंत्र' पक्षाची घोषणा केली. जन्मभर ज्या काँग्रेसची सेवा केली, तिच्याच धोरणाविरुद्ध!

निमित्त झाले त्याच वर्षीच्या जानेवारीतील नागपूर अधिवेशनाचे. जमिनी एकत्र करून संयुक्त सहकारी शेती करावी, असा ठराव तेथे झाला. मालकी शेतकऱ्याचीच राहील, असे आश्वासन त्यात होते. पण नांगर कोठे चालवावा हे ज्याच्या हाती उरत नाही, त्याची मालकी कागदापुरती, ही राजाजींची धास्ती होती. दुसरी चिंता परवान्यांची. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यान्वये मोठा कारखाना काढावयाचा, वाढवावयाचा, किंवा त्यात नवी वस्तू बनवावयाची, तर सरकारचा परवाना हवा. ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या दारी रांग. आणि रांग आली की वशिलाही आला. या व्यवस्थेला त्यांनी 'परमिट-लायसन्स राज' म्हटले, आणि तो शब्द देशाच्या तोंडी कायमचा बसला.

ही केवळ म्हाताऱ्याची कुरकूर नव्हती. १९५२ साली मद्रासचे मुख्यमंत्री असताना, टंचाईच्या भयाने सारे बिचकत असता, त्यांनी धान्यावरील नियंत्रण उठवून दाखविले होते.

मात्र आजोबांचे सारेच खरे मानावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच कारकीर्दीत, १९५३ साली, मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे व उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना त्यांनी आणली. शाळा अपुऱ्या होत्या, हे त्यांचे म्हणणे खरेच. पण चांभाराच्या मुलाने दुपारी पुन्हा आरीच धरावयाची, तर शाळेने त्याला दिले काय? लोक खवळले. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले, आणि कामराज यांनी योजना रद्द केली. सरकारने माणसाच्या धंद्यात हात घालू नये म्हणणारे हेच गृहस्थ दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि विक्रीकर मद्रासेत त्यांनीच १९३९ मध्ये आणला होता! घरोघरचे आजोबा असेच असतात.

'स्वतंत्र' पक्षास १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या, १९६७ मध्ये ४४. पुढे तो ओसरला. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी निवर्तले. १९७४ साली पक्षही दुसऱ्यात विलीन झाला. संयुक्त शेतीची कल्पना केव्हाच मागे पडली होती. परवान्यांना मात्र वेळ लागला. १९९१ च्या जुलैत, म्हणजे राजाजींच्या मृत्यूनंतर सुमारे १९ वर्षांनी, बहुतेक उद्योगांवरील ते बंधन सरकारने स्वतःच काढून टाकले.

या आजोबांचे चरित्र पुढे लिहिले ते त्यांच्याच एका नातवाने, राजमोहन गांधी यांनी.